जुन्या किल्लीचे मोल

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, पप्पनकलां या जुन्या गावाच्या शिवारात, दिल्ली विकास प्राधिकरणाने जे विस्तीर्ण उपनगर वसविले आणि ज्यास पुढे द्वारका हे पौराणिक नाव मिळाले, त्या उपनगरात ३१ डिसेंबर २००५ रोजी बाराखंबा मार्गाकडून आलेली मेट्रोची निळी वाहिनी दाखल झाली. खिशातील पातळ कार्ड फाटकावरील खुणेशी नेताच फाटक उघडते, या गोष्टीचे नवल तेव्हापासून येथील रहिवाशास उरले नाही. १ एप्रिल २००६ रोजी ही वाहिनी सेक्टर ९ पर्यंत, ३० ऑक्टोबर २०१० रोजी सेक्टर २१ पर्यंत गेली. २०११ च्या फेब्रुवारीत नवी दिल्ली स्थानकाहून विमानतळमार्गे येणारी दुसरी वाहिनीही तेथेच येऊन मिळाली. आणि दरम्यानच्या काळात गृहसंस्थांची दारे, कचेऱ्यांतील हजेरीची यंत्रे व अखेर मोटारींच्या काचा यांवर रेडिओलहरींनी ओळख पटविणाऱ्या टॅगांचा, म्हणजे आरएफआयडीचा, अंमल सुरू झाला.

या सर्व व्यवहाराच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: समोर आलेला टॅग खरा आहे काय, आणि तो ज्याचा म्हणून सांगतो त्याचाच आहे काय? त्याचे उत्तर मिळविण्याची जी ठरीव रीत, तिला प्रमाणीकरणाचा प्रोटोकॉल म्हणतात. अशा प्रोटोकॉलवर होणाऱ्या आघातांपैकी तोतयेगिरी आणि हेरगिरी हे दोन कोणासही सहज समजतात. तिसऱ्या आघातात चोर काही चोरीत नाही की वाचीत नाही. खऱ्या मालकाचा खरा टॅग खऱ्याच रीडरने, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राने, ओळखू नये, एवढेच तो घडवून आणतो. यास सेवाबंदीचा हल्ला, किंवा प्रचलित भाषेत डिनायल ऑफ सर्व्हिस, असे म्हणतात. २००३ पासून पुढच्या सात-आठ वर्षांत या आघाताने जगभरच्या संशोधकांस पुनःपुन्हा कोड्यात टाकले, आणि विशेष असे की, हा धोका वाढला तो पुष्कळ अंशी गुप्ततेच्या रक्षणासाठी केलेल्या उपायांमुळेच. त्या वर्षांची हकीकत मराठी वाचकापुढे मांडावी, कारण तिचा परिणाम आज त्याच्या मोटारीच्या काचेवर चिकटलेला आहे.

तंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. १९४५ साली मॉस्कोतील अमेरिकन राजदूत एव्हरेल हॅरिमन यांस सोव्हिएत मुलांच्या हस्ते एक कोरीव लाकडी राजमुद्रा भेट देण्यात आली. तिच्या पोटात लेव थेरेमिन यांनी रचलेले एक उपकरण होते, ज्यास ना विजेरी होती ना तारा. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की ते जागे होई आणि खोलीतील संभाषण परत धाडी. १९५२ मध्ये ते उघडकीस आले. मधल्या काळात, १९४८ साली, हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित ऊर्जेच्या साह्याने संदेशवहन करण्याविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला होता. १९७३ मध्ये मारियो कार्डुलो आणि चार्ल्स वॉल्टन यांना अमेरिकेत या जातीच्या उपकरणांची एकस्वे मिळाली. वॉल्टन यांचे एकस्व दार उघडणाऱ्या कार्डाचे होते. स्वतःची वीज नसलेला आणि दुसऱ्याने दिलेल्या लहरीवरच बोलणारा टॅग ही कल्पना येथवर पक्की झाली. पुढील सर्व अडचणींचे बीज याच गुणात आहे, कारण अशा टॅगास घड्याळ ठेवता येत नाही, समोर कोण उभा आहे हे त्याला स्वतःहून कळत नाही, आणि वीज तोडली की तो शब्दाच्या मध्यावर गप्प होतो.

१९९९ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ऑटो-आयडी केंद्राची स्थापना झाली. संजय सरमा, डेव्हिड ब्रॉक आणि केव्हिन ॲश्टन या त्रयीने, त्यांतील सरमा हे आयआयटी कानपूरचे पदवीधर, असा संकल्प सोडला की दुकानातील प्रत्येक वस्तूवर पाच सेंटांत बसेल असा टॅग निर्माण करावयाचा. संकल्प थोर होता. परंतु पाच सेंटांत जी चिप बसते तिच्यात बुद्धी फार थोडी मावते. २००५ साली आरी ज्यूल्स आणि स्टीफन वाइस यांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे अशा टॅगात सारे मिळून पाच ते दहा हजार लॉजिक गेट असतात आणि त्यांतील जेमतेम अडीचशे ते तीन हजार सुरक्षेसाठी मोकळे राहतात. याउलट एईएस ही सर्वमान्य कूटपद्धती ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील संशोधकांनी २००४ मध्ये कमालीच्या काटकसरीने बसविली, तरीही तिला सुमारे ३,६०० गेट लागले. बँकेच्या तिजोरीचे कुलूप आगपेटीस लावावे आणि त्याची किंमत आगपेटीहून अधिक नसावी, असा हा हट्ट होता.

टॅग स्वस्त होऊ लागताच लोक सावध झाले. मार्च २००३ मध्ये बेनेटन या इटालियन वस्त्रकंपनीच्या कपड्यांत टॅग शिवले जाणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा अमेरिकेतील ग्राहकसंघटनांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीस काही आठवड्यांतच माघार घ्यावी लागली. अंगावरचा सदरा रस्तोरस्ती आपला क्रमांक उच्चारीत हिंडणार ही कल्पना कोणासही असह्य वाटावी अशीच होती. संशोधकांपुढे तेव्हा जो प्रश्न ठाकला तो गुप्ततेचा होता. टॅग बंद पडेल काय, याची चिंता त्या क्षणी कोणी फारशी केली नाही.

सेवाबंदीचे पहिले नामांकित शस्त्र तर गुप्ततेच्या कैवाऱ्यांनीच घडविले. २००३ साली ज्यूल्स, रॉन रिव्हेस्ट आणि मायकेल झिड्लो यांनी 'ब्लॉकर टॅग' सुचविला. एकाच वेळी अनेक टॅग समोर आले असता रीडर क्रमांकाचा एकेक बिट विचारीत जातो: ज्यांचा पुढचा आकडा शून्य आहे त्यांनी बोलावे, ज्यांचा एक आहे त्यांनी बोलावे. ब्लॉकर टॅग या दोन्ही प्रश्नांस 'मी आहे' असे उत्तर देतो आणि त्यामुळे रीडरास जगातील सारे संभाव्य टॅग समोर उभे असल्याचा भास होऊन तो त्या अरण्यात वाट चुकतो. ग्राहकाच्या पिशवीतील वस्तू परक्यांनी वाचू नयेत एवढाच यामागील हेतू होता. पण हेच साधन वखारीच्या दारात ठेवले तर अख्खी वखार ठप्प होईल, हे कर्त्यांनीही ओळखले होते. टॅगास कायमचा निर्जीव करण्याची जी 'किल' आज्ञा टॅगांच्या मानकांत आली तिचेही असेच झाले: तिचा परवलीचा शब्द हुडकील त्याला परक्याचा टॅग मारता येई. पहिल्या पिढीच्या एका मानकात हा शब्द अवघा आठ बिटांचा, म्हणजे २५६ शक्यतांचा होता. डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झालेल्या जेन-टू मानकात तो बत्तीस बिटांचा झाला आणि शक्यता ४२९ कोटींहून अधिक झाल्या.

आता प्रोटोकॉलांकडे वळू. २००३ मध्येच वाइस, सरमा, रिव्हेस्ट आणि डॅनियल एंगेल्स यांनी 'हॅश-लॉक' मांडले. हॅश म्हणजे अशी क्रिया की तिच्यातून एखादी संख्या पार पाडली तर दुसरी निघते, पण निघालेल्या संख्येवरून मूळ संख्या शोधून काढता येत नाही. टॅग आपल्या किल्लीचा, म्हणजे गुप्त संख्येचा, हॅश तेवढा सांगतो. रीडर तो आपल्या दप्तरात शोधून मूळ किल्ली धाडतो. टॅग तिचा हॅश काढून ताडून पाहतो आणि मगच आपली खरी ओळख रुजू करतो. यात दोष एवढाच की तो हॅश कधी बदलत नसे, सबब पाळत ठेवणाऱ्यास तोच पुरेसा होता. म्हणून त्यांनीच दुसरी रीत सुचविली: टॅगाने दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या घ्यावी आणि तिच्यासह आपल्या क्रमांकाचा हॅश द्यावा. पाळत संपली, पण भार सर्व्हरच्या, म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्या संगणकाच्या, माथी आला. उत्तर कोणाचे हे ठरविण्यास त्याला दप्तरातील प्रत्येक क्रमांक त्या संख्येशी जोडून पाहावा लागे. समजा, एखाद्या शहरात दहा लक्ष कार्डे आहेत. तर कोणा टवाळाने हवेत सोडलेल्या एकेका निरर्थक उत्तरापायी सर्व्हरने दहा लक्ष वेळा हॅश काढावयाचा आणि शेवटी 'असा कोणी नाही' असे म्हणावयाचे. हल्लेखोराचा खर्च कवडीचा, बचाव करणाऱ्याचा लाखाचा. सेवाबंदीच्या हल्ल्याची ही पहिली जात. ग्रंथालयांतील टॅगांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मोलनार आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००४ मध्ये किल्ल्यांची वृक्षाकार रचना करून हा शोध अगदी थोड्या पायऱ्यांवर आणला. तथापि, वृक्षात अनेक टॅग एकाच फांदीची किल्ली सामाईक बाळगतात, त्यामुळे एक टॅग फोडला की शेजाऱ्यांचीही गुप्तता ढासळते, हे जिल्दा आव्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगोलग दाखवून दिले.

दुसरी जात याहून सूक्ष्म, आणि या इतिहासाचा गाभा तिच्यातच आहे. जपानच्या एनटीटी कंपनीतील ओकुबो, सुझुकी आणि किनोशिता यांनी २००३ च्या अखेरीस असा विचार मांडला की टॅगाने दर उत्तरानंतर आपली किल्लीच हॅश करून पुढे सरकवावी, म्हणजे उद्या टॅग फोडूनही कालचे व्यवहार कोणास उलगडणार नाहीत. विचार सुंदर होता. पण टॅग परक्याच्या प्रश्नासही उत्तर देतोच, आणि उत्तर दिले की पुढे सरकतो. आडवाटेस कोणी त्याला शेकडो वेळा हटकले तर तो शेकडो पावले पुढे जाईल, आणि सर्व्हर मात्र त्याला मागेच शोधीत बसेल. सर्व्हरने किती पावले पुढे पाहावे यास मर्यादा घालणे भाग असते. ती ओलांडली की टॅग हरवला.

गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द बदलण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील मर्म चटकन उमगेल. शब्द रोज बदलला तर फितुराचा उपयोग एका रात्रीपुरता राहतो, हे खरे. पण गस्तीस बाहेर गेलेल्या तुकडीकडे नवा शब्द घेऊन निघालेला हरकारा वाटेत अडविला गेला, तर पहाटे परतणारी आपलीच माणसे दरवाजाशी परकी ठरतात. शत्रू तट चढत नाही, दरवाजा फोडीत नाही. एक हरकारा अडवून तो गडकऱ्याच्या हातूनच गडकऱ्याच्या शिबंदीस बाहेर ठेवतो. किल्ली बदलणाऱ्या प्रोटोकॉलांत हाच बेबनाव घडतो. रीडरने टॅग ओळखला, सर्व्हरने दप्तरात नवी किल्ली लिहिली, आणि 'आता तूही बदल' हा शेवटचा निरोप टॅगापर्यंत पोहोचण्यापूर्वी हवेतच बुजविला गेला, की एकाकडे नवी किल्ली आणि दुसऱ्याकडे जुनी अशी अवस्था होते. यास एककालिकतेचा भंग म्हणतात. एकदा झाला की तो कायमचा, आणि तो घडविण्यास कोणतेही गणित सोडवावे लागत नाही, योग्य क्षणी थोडा गोंगाट केला की पुरते.

हाच प्रसंग द्वारकेच्या मेट्रोफाटकावर निरागस रूपाने पाहावयास सापडतो. घाईतला प्रवासी कार्ड खुणेशी नेतो आणि पुरते वाचले जाण्यापूर्वीच मागे ओढतो. कार्डावर रक्कम आणि प्रवेश झाल्याची नोंद लिहिली जात असते. लहर तुटली की लेखन अर्धवट राहते, किंवा कार्डाची समजूत एक आणि फाटकाची दुसरी होते. पुढच्या स्थानकावर फाटक त्यास बाहेर पडू देत नाही, कारण तो आत आल्याचेच कार्डास मान्य नसते. मग ग्राहकसेवेच्या खिडकीपाशी जाऊन, तेथील कर्मचाऱ्याकडून नोंद दुरुस्त करून घेऊन, त्यास सुटका करून घ्यावी लागते. चांगल्या कार्डांत म्हणूनच नवी नोंद पूर्ण होईपर्यंत जुनी पुसली जात नाही. लेखन मध्येच तुटले तर कार्ड निमूट जुन्या नोंदीवर परत येते. येथे हल्लेखोर कोणी नाही, केवळ घाई आहे. पण घाईने जे घडते तेच हेतुपुरस्सर घडविता येते, आणि खिडकीपाशी एका प्रवाशाऐवजी हजार प्रवासी उभे करता येतात.

उपायाची पहिली चाहूल जर्मनीतील कायझर्सलाउटर्न येथील डिर्क हेन्रिसी आणि पॉल म्युलर यांच्या २००४ च्या निबंधात लागते. त्यांनी दप्तरात प्रत्येक टॅगापुढे एकच ओळ न ठेवता नव्या ओळीशेजारी जुनीही राखली, म्हणजे निरोप वाटेत हरवला तरी पुढच्या भेटीत जुन्या ओळखीवर टॅग सापडावा. त्यांच्या पद्धतीत टॅग आपल्या अपुऱ्या राहिलेल्या भेटींचा हिशेब उघडपणे सांगत असे. तेव्हा कोणी त्याला उगाच पुष्कळ वेळा हटकले तर तो फुगलेला आकडाच त्याच्यावर डागासारखा उमटे आणि पाळतीच्या कामी येई, हे पुढे दिसून आले. पण जुनी किल्ली एकदम फेकून देऊ नये, हे सूत्र सापडले ते येथे. मला या सर्व वाङ्मयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण ती गणितातून आलेली नाही, व्यवहाराच्या समंजसपणातून आलेली आहे.

दुसऱ्या वाटेने गेले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील जीन त्सुदिक. २००६ मध्ये त्यांनी काळाचा आधार घेतला. रीडर टॅगास वेळ सांगतो. ती टॅगाने शेवटी नोंदलेल्या वेळेहून पुढची असेल तरच टॅग खरे उत्तर देतो व ती वेळ नोंदतो. मागची असेल तर काहीतरी यादृच्छिक उत्तर देऊन वेळ मारून नेतो. सर्व्हरास त्यामुळे शोध जवळजवळ फुकट झाला. परंतु टॅगाजवळ घड्याळ नाही, हे आपण आरंभीच पाहिले. कोणी भामट्याने त्यास पन्नास वर्षांपुढची वेळ सांगितली तर ती खरी मानण्यावाचून त्याला गत्यंतर नसते, आणि मग पन्नास वर्षे तो खऱ्या रीडरास खरे उत्तर देत नाही. एकच खोटा निरोप, आणि टॅग जिवंतपणी मेला! त्सुदिक यांनी हा दोष स्वतःच आपल्या निबंधात नमूद केला होता, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. २००७ मध्ये त्यांनी दुरुस्ती आणली. काळाचे कालखंड पाडावे, आणि प्रत्येक कालखंडास हॅशांच्या साखळीतील एक कडी नेमून द्यावी. पुढच्या कालखंडाची कडी हाती असल्याखेरीज टॅगाने त्या कालखंडातील वेळ मानू नये. कडी बनावट आहे की खरी हे टॅगास एका-दोन हॅशांत कळते, आणि पुढची कडी सर्व्हरखेरीज कोणाजवळ नसते. हल्लेखोराची दौड त्यामुळे चालू कालखंडाच्या कुंपणात अडली. हल्ला मुळातून नाहीसा होत नाही, पण पन्नास वर्षांचे नुकसान एका कालखंडावर येते. आणि माझ्या मते हे उणे यश नव्हे.

याच सुमारास तिसरी एक शाखा फुटली, जिने हॅशही महाग म्हणून टाकून दिला आणि केवळ बेरीज व बिटांच्या साध्या क्रियांवर काम भागविण्याचे ठरविले. २००६ मध्ये पेद्रो पेरिस-लोपेझ व त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी असे तीन अतिलघु प्रोटोकॉल मांडले. पुढच्याच वर्षी तियेयान ली आणि गुइलिन वांग यांनी दाखविले की निरोपातील थोडेसे बिट उलटे करून पुढे सोडले तर दोन्ही बाजू समाधानाने निरनिराळ्या किल्ल्या लिहून घेतात. त्याच २००७ साली तैवानच्या हुंग-यू चिएन यांनी 'सासी' नावाचा प्रोटोकॉल प्रसिद्ध केला आणि त्यात, आता पुरता शहाणपणा आला म्हणून, टॅगाजवळच जुनी आणि नवी अशा दोन्ही किल्ल्या ठेविल्या.

येथे कथेस मोठे विलक्षण वळण लागते. हंग-मिन सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ती राखून ठेवलेली जुनी किल्लीच घात करू शकते. पहिल्या भेटीत हल्लेखोर रीडरचे निरोप टिपून घेतो आणि टॅगाचे अखेरचे उत्तर मात्र पोहोचू देत नाही. तेव्हा टॅगाने नवी किल्ली घेतलेली असते, पण सर्व्हर जुनीवरच राहतो. दुसरी भेट तो निर्विघ्न होऊ देतो. ती जुन्या किल्लीवर होऊन दोघेही तिसऱ्या किल्लीवर जातात, आणि टॅगाजवळ ती जुनी अजून शिल्लक असते. मग हल्लेखोर पहिल्या भेटीचे टिपलेले निरोप पुन्हा टॅगास ऐकवितो. टॅग ते जुन्या किल्लीवर खरे मानतो आणि तिसरी किल्ली पुसून पुन्हा दुसरी लिहितो. आता टॅगाजवळ पहिली आणि दुसरी, सर्व्हरजवळ केवळ तिसरी; समेट होण्यास जागाच उरली नाही. धडा असा की जुनी किल्ली कोणी राखावी याला फार महत्त्व आहे. ती सर्व्हरच्या दप्तरात राखावी, जेथे जागा मुबलक आणि पहारा पक्का. टॅगाजवळ एकच असावी. आणि भेटीत दोन्ही बाजूंनी आपापली ताजी यादृच्छिक संख्या घालावी, म्हणजे कालचे निरोप आज कोणास खरे वाटणार नाहीत. २००८ मध्ये लक्झेंबर्ग येथील टॉन व्हान ड्यूर्सेन आणि साशा राडोमिरोविच यांनी अशा अनेक प्रोटोकॉलांवरील हल्ल्यांची जी झाडाझडती घेतली, ती वाचताना ध्यानात येते की चुका थोड्याच होत्या आणि त्याच त्या पुनःपुन्हा होत होत्या.

कूटपद्धती गुप्त राहील यावरच विसंबल्याने काय होते, याचेही उदाहरण त्याच वर्षांनी दिले. लंडनपासून नेदरलँड्सपर्यंत वाहतुकीच्या कार्डांत वापरल्या जाणाऱ्या माय्‌फेअर क्लासिक चिपची गुप्त कूटपद्धती डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी उघडी पाडली. २००८ मध्ये नायमेगेन येथील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी ती पूर्णपणे मोडली, आणि प्रकाशन रोखावे ही उत्पादक कंपनीची मागणी डच न्यायालयाने त्या वर्षीच्या जुलैत फेटाळली. गोपनीयतेचे पारडे आणि उपलब्धतेचे पारडे या दोहोंस एकदम जड करणारा उपाय स्वस्त चिपमध्ये मिळणे कठीण, हे आता मान्य झाले. २००७ मध्ये 'प्रेझेंट' ही कूटपद्धती सुमारे १,५७० गेटांत बसली आणि २०१३ मध्ये जेन-टू मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत टॅगास प्रमाणीकरणाची ऐच्छिक सोय मिळाली, हे त्या दशकाचे स्थायी फळ होय. केवळ गोंगाट करून लहरी बुजविण्यावर किंवा टॅगास धातूच्या कागदात गुंडाळण्यावर मात्र कोणत्याच प्रोटोकॉलाचा इलाज चालत नाही. तेथे बंदोबस्त माणसांनी आणि कायद्यानेच करावा लागतो.

भारतात हे तंत्र रस्त्यावर आले ते याच सुमारास. मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने अशा टॅगांस लागणारा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त केला. २०१० मध्ये नंदन नीलेकणी यांच्या समितीने टोलवसुलीसाठी जेन-टू जातीच्या, विजेरी नसलेल्या टॅगाची शिफारस केली, आणि २०१३ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, आपल्या पालघर जिल्ह्यातील चारोटी नाक्यासह, तिचा प्रयोग झाला. पुढे नितीन गडकरी केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री असता याच टॅगाचा, म्हणजे फास्टॅगाचा, विस्तार झाला, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो राष्ट्रीय महामार्गांवर सर्वांस सक्तीचा झाला. दिल्लीत शिरणाऱ्या व्यापारी वाहनांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार महानगरपालिकेच्या प्रमुख नाक्यांवर २०१९ पासून टॅगांची निराळी व्यवस्था आली. द्वारका द्रुतगती मार्ग हा त्या नव्या काळाचा रस्ता: सुमारे २९ किलोमीटर लांबीचा, त्याचा हरियाणातील भाग ११ मार्च २०२४ रोजी आणि दिल्लीतील भाग १७ ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटित झालेला.

फास्टॅगाच्या रचनेत दर भेटीस किल्ली बदलण्याचा खटाटोप नाही. काचेवरची ती पट्टी उपटू गेल्यास फाटते, म्हणजे दुसऱ्या गाडीस लावता येत नाही. तिच्यातील क्रमांक चिपच्या जन्मक्रमांकाशी जोडलेला असतो. आणि खरा निवाडा नाक्याच्या बँकेकडून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या दप्तरामार्फत टॅग देणाऱ्या बँकेपर्यंत जाऊन होतो. टॅगावरील एककालिकतेचा भंग त्यामुळे टळला. परंतु दप्तरादप्तरांतील टळला नाही. शिल्लक संपलेल्या किंवा कागदपत्रे अपुरी असलेल्या टॅगांची अपवादयादी प्रत्येक नाक्याकडे धाडली जाते, आणि गाडीवानाने पैसे भरल्यावर नवी यादी पोहोचेपर्यंतच्या अवकाशात त्याचा खरा टॅग खोटा ठरू शकतो. हल्लेखोर नसतानाही हरकारा उशिरा पोहोचतो, एवढेच.

या ठिकाणी आपल्या सरकारने एक असे पाऊल उचलले की ज्याचे संशोधकांनीही कौतुक करावे. ७ मे २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या नियमांत असे कलम घातले की, टॅग वैध आहे, खात्यात पुरेशी शिल्लक आहे, आणि तरीही नाक्यावरील यंत्रणेच्या बिघाडामुळे शुल्क घेता आले नाही, तर गाडी विनाशुल्क सोडावी आणि शून्य रकमेची पावती अवश्य द्यावी. नुकसान कोणी सोसावे हे त्याने ठरविले, आणि यंत्रणा चालू ठेवण्याची गरज यंत्रणेच्या मालकास लावून दिली. १५ नोव्हेंबर २०२५ पासून तर टॅग नसलेल्या किंवा न चाललेल्या गाडीवानास रोख दुप्पट रकमेऐवजी यूपीआयने सव्वापट भरण्याची मुभा मिळाली. हीही एका अर्थी राखून ठेवलेली दुसरी वाटच आहे. जो प्रोटोकॉल मोडल्यावर भुर्दंड निरपराध्याच्या माथी पडतो तो, त्याचे गणित कितीही शुद्ध असो, अपुरा होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा द्वारकेहून गुडगावकडे किंवा चारोटीवरून मुंबईकडे जाणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती की, टॅग वैध असून शिल्लक पुरेशी असताना यंत्र बंद असल्याचे सांगून कोणी रोख रक्कम मागितल्यास ती देऊ नये. शून्य रकमेची पावती मागून घ्यावी, आणि ती नाकारली गेल्यास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.